दीपनगरच्या दिव्याखाली

मित्रांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या घरची लाईट शेवटची कधी गेली होती? आणि गेली तेव्हा किती वेळानं आली? तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, "आठवत नाही बुवा!" कुणी म्हणेल, "गेल्या पावसात झाड पडलं तेव्हा दोन तास गेली होती." आणि कुणी खेड्यातला मित्र मनाशी हसेल आणि म्हणेल, "ताई, आमच्याकडे अजून जाते!"

आता माझं उत्तर ऐका. मी शाळेत होते तेव्हा आमच्या गावची लाईट रोज जायची. चुकून नव्हे, वादळानं नव्हे, तर ठरवून, घड्याळ लावून जायची. तिचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं आणि आम्ही ते कापून देवघराशेजारच्या भिंतीवर भाताच्या शितांनी चिकटवायचो. शाळेचं वेळापत्रक दप्तरात आणि लाईटचं भिंतीवर! या प्रकाराला सरकारी भाषेत 'भारनियमन' म्हणत. लोक म्हणत 'लोडशेडिंग'. आणि आमची आजी म्हणायची 'लोडसेटिंग'. महाराष्ट्रात हे दिवस जोरात होते ते साधारण २००५ ते २०१२ या काळात. त्यातली २००५ ते २००८ ही वर्षं मला चांगलीच आठवतात, कारण मी सातवीतून दहावीत गेले ती याच अंधारातून.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, भुसावळ तालुक्यातलं. भुसावळ म्हटलं की तुम्हाला रेल्वे आठवेल, केळी आठवतील. पण भुसावळजवळ आणखी एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे दीपनगरचं औष्णिक वीजकेंद्र. किती छान नाव आहे ना, दीपनगर! हतनूर धरणातून तिथं तापी नदीचं पाणी येतं, आगगाडीनं कोळसा येतो. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, त्या वाफेच्या जोरावर चक्र फिरवायचं आणि त्यातून वीज तयार करायची, असा तो कारखाना. मी लहान असताना तिथं २१० मेगावॅटचे दोन मोठे संच चालायचे. पुढे ५०० मेगावॅटचे दोन आले. आमच्या घराच्या धाब्यावर चढलं की रात्री त्या उंच चिमणीवरचे लाल दिवे लुकलुकताना दिसायचे.

आणि आमच्या घरात? घरात मिट्ट काळोख! हातात पुठ्ठ्याचा पंखा, समोर कंदील. दिव्याखाली अंधार ही म्हण आम्हाला शाळेत बाईंना शिकवावी लागली नाही. ती आम्हाला धाब्यावरून रोज दिसायची.

पंखा नाही, आणि मे महिना

आता खान्देशाबाहेरच्या मित्रांना आमच्या उन्हाळ्याची ओळख करून द्यायला हवी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं ही बातमी नसते, सवय असते. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नळाचं पाणी चहा करायला अर्धं तयारच येतं. लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसतो. पुण्या-मुंबईकडचे लोक 'ऊन' म्हणतात त्याला आमच्याकडे 'हिवाळ्याचा शेवट' म्हणतात, असं आमचे आण्णा थट्टेनं सांगायचे. आण्णा म्हणजे माझे वडील.

अशा दिवसांत दुपारी अकराला पंखा थांबायचा. थांबताना तो एकदम थांबत नाही बरं का! आधी त्याचा आवाज उतरतो, मग पाती एकेक करून दिसायला लागतात, आणि शेवटी तो अगदी दमल्यासारखा उभा राहतो. घरात कुणी काही बोलायचं नाही. फक्त आजी म्हणायची, "गई का?" की झालं. पुढचे चार-पाच तास घामाचे.

कूलर असलेल्यांचीही तीच गत. कूलरचं काम फार सोपं असतं. गवताच्या ताट्यांवरून पाणी सोडायचं आणि पंख्यानं हवा आत ओढायची. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते आणि हवा गार होते. खान्देशातली हवा कोरडी, म्हणून इथं कूलर छान चालतो. पण त्याला पंखा हवा आणि पाण्याचा छोटा पंपही हवा. म्हणजे लाईट हवीच. आमची आजी मात्र स्वयंपाकघरातल्या माठाकडे बोट दाखवून म्हणायची, "माठाले काही लाईट लागत नाई वं बाई!" आणि खरंच, माठातही तीच युक्ती असते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं. विज्ञानाच्या पुस्तकात बाष्पीभवनाचा धडा आला तेव्हा आमच्या वर्गाला तो वाचायच्या आधीच पाठ होता.

आजीच्या काळच्या लोकांनी उन्हाशी झुंजायची बरीच तयारी करून ठेवली होती. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचं सपाट धाबं. दुपारचं ऊन त्या भिंतीतून आत यायला इतका वेळ लागतो की तोवर संध्याकाळ होते. रात्री अंथरुणं धाब्यावर न्यायची, त्याआधी पाण्याचे दोन सडे मारायचे. कैरीचं पन्हं, ताक, डोक्याला उपरणं. याच उन्हात बाया ज्वारीचे बिबडे आणि कुरडया वाळवून वर्षाची बेगमी करत. पण आमच्या पिढीच्या नव्या घरांना वर सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रे होते. ही घरं लाईट आहे असं धरूनच बांधलेली. लाईट गेली की त्यांची भट्टी व्हायची. मातीच्या घरातल्या आजीपेक्षा पत्र्याखालच्या माणसाला लोडशेडिंग जास्त भाजायचं.

गिरणी आणि दोन भाव

उकाडा सोसता येतो. पण लाईटवर पोट असेल तर? आमच्या आण्णांची गावात पिठाची गिरणी होती. गिरणीच्या मोटारीला 'थ्री फेज' लागते. घरातला दिवा एका फेजवर लागतो, पण गिरणी, शेतातला पंप, लाकूड कापायचं यंत्र यांना तिन्ही फेज हव्यात. टंचाईत पहिली गदा यायची ती या थ्री फेजवर. कधीकधी घरात दिवा मिणमिणत असायचा आणि गिरणी मात्र ठप्प.

गिरणीबाहेर दळणाच्या डब्यांची रांग लागलेली असायची. डबेच रांगेत उभे, माणसं घरी! प्रत्येक डब्यावर ओळखीची खूण. कुणाच्या डब्याला लाल फडकं, कुणाच्या झाकणावर दगड. लाईट पहाटे तीनला येणार असेल तर आण्णा पावणेतीनला उठायचे. गिरणीची घरघर सुरू झाली की अर्ध्या गावाला कळायचं, लाईट आली! मग कुणी पाण्याची मोटार लावायला उठायचं, कुणी मोबाइल चार्जिंगला लावायचं. आणि मी आईच्या हाकेनं उठून पुस्तक घेऊन बसायची. पहाटे तीन ते सहा हा माझा दहावीचा अभ्यास. बीजगणित मी पिठाच्या वासातच शिकले.

एका उन्हाळ्यात आण्णांनी कर्ज काढून डिझेल इंजिन घेतलं. आता लाईट नसली तरी गिरणी चालणार, म्हणून आम्ही पोरं खूश झालो. पण डिझेल काही फुकट येत नाही. मग गिरणीत खडूनं दोन भाव लिहिले गेले, एक लाईटवरच्या दळणाचा आणि एक डिझेलवरच्या दळणाचा. दुसरा जास्त. नोकरदारांच्या घरचे डबे दिवसा डिझेलवर दळून जायचे. आणि मजुरीला जाणाऱ्या बाया म्हणायच्या, "आण्णा, आमचं राहू द्या. रातच्याला लाईट आली म्हणजे दळजा." दिवसभर शेतात राबलेल्या त्या बाया पहाटे चारला डबा न्यायला यायच्या. वाचणार किती, तर एक-दोन रुपये! पण ते त्यांना वाचवावे लागत.

खडूच्या त्या दोन आकड्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. लाईट सगळ्यांचीच जात होती, पण अंधार सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. पैसे असतील तर इन्व्हर्टर घेऊन, जनरेटर घेऊन, डिझेलचा भाव देऊन तो थोडा टाळता यायचा. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याच्या वाट्याला पूर्ण अंधार.

वायरमनकाकांची सायकल

"पण लाईट घालवतातच कशाला?" हा प्रश्न मी वायरमनकाकांना विचारला. ते आमच्या गिरणीत पाणी प्यायला यायचे. गावातले लोक त्यांच्यावर फार चिडायचे. जणू काही काकाच खिशात लाईट घालून फिरत होते! भर मे महिन्यात ४५ अंशांत ते तापलेल्या खांबावर चढायचे, आणि खाली उभे असलेले लोक त्यांनाच बोलायचे.

काकांनी मला विचारलं, "तू सायकल चालवतेस ना? डबलसीट घेतलंस तर काय होतं?"

मी म्हटलं, "जास्त जोर लावावा लागतो."

"आणि ट्रिपलसीट घेतलं, आणि तुझ्यात आणखी जोरच नसला तर?"

"सायकल हळू होईल. मग पडू आम्ही सगळे."

"मग पडू नये म्हणून काय करशील?"

"एकाला उतरवीन."

"झालं! यालाच लोडशेडिंग म्हणतात," काका म्हणाले.

मित्रांनो, यापेक्षा चांगलं उत्तर मला पुढे कॉलेजातही मिळालं नाही. वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. आजकाल मोठ्या बॅटऱ्या आल्या आहेत, पण साऱ्या राज्याला पुरेल एवढी वीज त्यांत मावत नाही. ज्या क्षणी तुम्ही बटण दाबता, त्याच क्षणी कुठेतरी ती तयार व्हावी लागते. दीपनगर, कोराडी, चंद्रपूर इथली वीज तयार करणारी मोठी चक्रं मिनिटाला ३००० फेरे घेतात आणि सगळी एकाच तालात फिरतात. त्यातून सेकंदाला ५० आवर्तनांची वीज मिळते. मागणी वाढली आणि वीज कमी पडली की सगळ्यांचा ताल एकदम उतरू लागतो. फार उतरला तर यंत्रं बिघडू नयेत म्हणून आपोआप बंद होतात. एक बंद पडलं की त्याचा भार दुसऱ्यावर, मग ते बंद, मग तिसरं. म्हणून आधीच काही भागांची वीज तोडून भार कमी करायचा. वाटतं तितकं हे साधं नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात हा तोल खरोखरच गेला. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातली मिळून साठ कोटींच्या वर माणसं राहतात एवढ्या भागातली वीज गेली. आगगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, खाणीत कामगार अडकले. महाराष्ट्र त्यातून वाचला.

त्या काळी महाराष्ट्रात मागणीपेक्षा चार हजार मेगावॅटहून जास्त वीज कमी पडायची. आमच्या दीपनगरचे तेव्हाचे २१० मेगावॅटचे संच डोळ्यांसमोर आणा. तसे वीस संच आणखी हवे होते! शेतपंप वाढले, शहरं वाढली, घराघरांत टीव्ही-फ्रिज आले, पण त्या वेगानं नवी वीजकेंद्रं उभी राहिली नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातला दाभोळचा मोठा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, तो २००६ मध्ये पुन्हा सुरू झाला. ही तूट सगळ्यात जास्त कधी जाणवे? संध्याकाळी. दिवे, टीव्ही, पंखे सगळं एकदम सुरू होतं तेव्हा. म्हणून तर कोयनेचं पाणी मुख्यतः अशा गर्दीच्या वेळेसाठी राखून वापरतात.

"तुमच्याकडेच का?"

मे महिन्याच्या सुट्टीत माझा आतेभाऊ मुंबईहून आला. सहावीत होता. पहिल्या दिवशी दुपारी पंखा थांबला तसा तो म्हणाला, "फ्यूज उडाला वाटतं!" मी त्याला भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "हे रोज? अगं, आमच्याकडे तर लाईट जातच नाही."

"जातच नाही म्हणजे?"

"म्हणजे जातच नाही!"

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. तो खोटं बोलत नव्हता. मुंबईचा वीजपुरवठा वेगळ्या कंपन्यांकडे, तिची स्वतःची वीजकेंद्रं. खोपोलीचं जलविद्युत केंद्र तर १९१५ पासूनचं! शिवाय देशाचे मोठे व्यवहार तिथं चालतात. म्हणून बाकी महाराष्ट्र अंधारात असताना मुंबईत दिवे होते. जळगाव शहरात आमच्यापेक्षा कमी वेळ लाईट जायची. आमच्या गावात दिवसाकाठी बारा तासांच्या आसपास. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी आपले जनरेटर चालवून शहराचं भारनियमन टाळायची योजना काढली. कारखानेच नसलेल्या खेड्यानं काय काढावं?

आणखी एक नियम होता. ज्या भागात वीजगळती जास्त आणि बिलं थकलेली, तिथं भारनियमनाचे तास जास्त. वीजगळती म्हणजे तारांतून वाया जाणारी आणि आकडे टाकून चोरली जाणारी वीज. नियमामागचा विचार समजण्यासारखा आहे. वीज विकत घ्यायची तर पैसा हवा, आणि बिल न भरणाऱ्याला वीज कुठून देणार? पण आमचे आण्णा दर महिन्याला रांगेत उभं राहून बिल भरायचे. त्यांच्याच तारेवर पलीकडच्या वस्तीत कुणी आकडा टाकला, तर त्याची शिक्षा आण्णांच्या गिरणीलाही व्हायची. तार एकच ना! तुम्हीच सांगा, वर्गात एकानं दंगा केला आणि बाईंनी सगळ्या वर्गाला उभं केलं, तर तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही बाई असता, आणि दंगा कुणी केला ते कळतच नसतं, तर तुम्ही काय केलं असतं? या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. सोपं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मामाची रातपाळी

अंधाराचा सगळ्यात मोठा वाटा कुणाचा, हे मला मामाच्या गावी कळलं. मामाचं गाव धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. तिथं बोली अहिराणी. लाईट आली की सारी पोरं ओरडत, "उनी रे, उनी!" मामाचा थोडा गहू, थोडा कांदा. विहिरीवर पंप. शेताची वीज आठवड्याच्या पाळीनं यायची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की मामा जेवून, बॅटरी आणि काठी घेऊन निघायचा. मी विचारलं तर हसून म्हणायचा, "लाईट रातले येस, मंग आमनी बी रातपाळीच!"

पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. गव्हाला पाणी द्यायचं ते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा धुळ्याची रात्र भलती गार असते, पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत मामा गुडघाभर चिखलात उभा राहून बारे मोडायचा, म्हणजे एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवायचा. अंधारात विंचू-सापाची भीती. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. शेजारच्या एका शेतकऱ्याला पाणी देतानाच साप चावला होता. वेळेवर सरकारी दवाखान्यात नेलं, लस टोचली, म्हणून वाचला. (मित्रांनो, हे कायम लक्षात ठेवा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. सरळ दवाखाना गाठा.)

बरं, रात्रभर जागून पाणी मिळेलच असंही नाही. लाईट आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, कारण पुष्कळांनी 'ऑटो' बसवलेला. ऑटो म्हणजे लाईट येताच मोटार आपोआप चालू करणारी पेटी. एवढा भार एकदम आला की डीपी जळायची. डीपी जळाली म्हणजे आठ-पंधरा दिवस कोरडे. मामी रात्री दोन-दोनदा उठून दारात यायची आणि शेताकडे बघायची. मामाच्या बॅटरीचा उजेड दिसला की पुन्हा आडवी व्हायची. त्या घरात रात्री कुणालाच पुरती झोप नव्हती. आम्ही मात्र जळगावच्या बाजारातून गहू आणायचो, तेव्हा तो कुणी कधी भिजवला हे कुणाच्याही मनात येत नसे.

आम्ही हसायचोही

नुसतं रडगाणं गायला मी हे लिहीत नाही हं! अंधारात आम्ही खेळलोही. धाब्यावर भेंड्या रंगायच्या. आजी गोष्टी सांगायची, त्यातल्या निम्म्या भुतांच्या. आकाशात इतके तारे दिसायचे की सप्तर्षी आणि व्याध आम्हाला घरच्या माणसांसारखे ओळखू यायचे. २४ सप्टेंबर २००७ ला जोहान्सबर्गला भारत-पाकिस्तान यांचा ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना होता, आणि नेमकी लाईट नाही! मग गल्लीतल्या एका दादानं ट्रॅक्टर आणून उभा केला. त्याच्या बॅटरीला छोटा काळा-पांढरा टीव्ही जोडला. सगळी गल्ली ट्रॅक्टरभोवती! शेवटच्या षटकात श्रीशांतनं मिसबाहचा झेल घेतला आणि भारत पाच धावांनी जिंकला, तेव्हा जो गलका झाला तो पलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणतात.

आता मोठी माणसं कधीकधी म्हणतात, "लोडशेडिंगचे दिवस किती छान होते! सगळे एकत्र बसायचे." मला ते अर्धंच पटतं. एकत्र बसणं छान होतं, ते आपण लाईट असतानाही करू शकतो. पहाटे चारला डबा न्यायला येणाऱ्या बाईला आणि चिखलात उभ्या असलेल्या मामाला विचारा, ते दिवस छान होते का!

आणि हे फक्त आपलंच होतं असंही समजू नका. २००९ च्या सुरुवातीला नेपाळात, अगदी राजधानी काठमांडूतही, दिवसाला सोळा-सोळा तास वीज नसायची. दक्षिण आफ्रिकेतही या प्रकाराला 'लोडशेडिंग' असंच म्हणतात. तिथं २०२३ मध्ये वर्षातल्या बहुतेक दिवशी कुठे ना कुठे वीज कापली जात होती. तिथल्या मुलांनीही भिंतीवर नाही तरी मोबाइलवर वेळापत्रक पाहूनच अभ्यास केला. शब्दसुद्धा एकच!

तेच ऊन

नवी वीजकेंद्रं झाली, तारा सुधारल्या, आणि २०१२ च्या अखेरीपासून राज्यातल्या बऱ्याच भागांतलं भारनियमन थांबत गेलं. संकट कायमचं गेलं असं मात्र नाही. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई झाली तेव्हा काही भागांत पुन्हा काही दिवस वीज कापावी लागली. वादळानं खांब पडतात तेव्हा खेड्यातला अंधार आजही शहरातल्यापेक्षा लांबतो.

पण एक गंमत सांगते. ज्या उन्हानं आम्हाला भाजून काढलं, तेच आता कामाला लागलं आहे. मामाच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. ब्राह्मणवेल, छडवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यानं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. मामाच्या विहिरीवरही आता सौरपंप आहे. ढगाळ दिवशी तो रुसतो, संध्याकाळी सूर्याबरोबर झोपतो. पण मामाही झोपतो! मी फोन केला तर मामा म्हणतो, "आता रातपाळी बंद." मामीचं काय, ती अजूनही सवयीनं रात्री एकदा उठते म्हणे.

आण्णांची गिरणी चालू आहे. भाव आता एकच लिहिलेला आहे.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. तुमच्या घरात येणारी तार कुठून येते ते शोधून काढा. घरापासून खांब, खांबापासून डीपी, डीपीपासून सबस्टेशन, असं जमेल तितकं मागे मागे जा. (लांबूनच बरं का, डीपीला हात लावायचा नाही!) त्या तारेवर आणखी कोण कोण आहे याची यादी करा. तुमच्या शेजारचा कारखाना, पिठाची गिरणी, दवाखाना, पाण्याची टाकी, शेतातला कुणाचा तरी मामा. मग रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा दिसला की तुम्हाला ती वायरमनकाकांची सायकल आठवेल. सायकलवर आपण एकटे नाही. बटण बंद करायला कुणी सांगावंसुद्धा लागणार नाही.